मोबाइल कंपनीचं वॉलेट: पैसे टाकण्याआधी ते बाहेर कसे येतील ते बघा

रिचार्ज करायला कंपनीचं ॲप उघडलं की वरच एक रंगीत पट्टी सरकत असते: वॉलेट सुरू करा, पहिल्या व्यवहारावर कॅशबॅक मिळवा. बहुतेकांचं वॉलेट असंच, ओघात सुरू होतं. वर्षभराने त्यात दीडशे-दोनशे रुपये पडून असतात, पिन आठवत नाही, आणि कस्टमर केअरशी अर्धा तास डोकं लावावं एवढी ती रक्कमही नसते.

कॅशबॅक हा वॉलेट निवडण्याचा सगळ्यात कच्चा निकष. ॲप दिसायला कसं आहे हा त्याहून कच्चा. बघायचं ते एवढंच की टाकलेले पैसे आपल्या बँक खात्यात किती सहज परत येतात आणि उद्या तो मोबाइल नंबरच बंद पडला तर काय होतं. टेलिकॉम कंपनीच्या वॉलेटमध्ये दुसऱ्या प्रश्नाला जास्त वजन आहे, कारण इथे नंबर, सिम, रिचार्ज, ओटीपी आणि पैसे सगळं एकाच घराण्याकडे जातं.

ही नुसती शंका नाही. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा तिथे घराघरांत पोचली. तीच सेवा व्होडाफोनने २०१३ मध्ये आयसीआयसीआय बँकेला बरोबर घेऊन भारतात आणली. पण २०१६ मध्ये यूपीआय आलं, थेट बँक खात्यातून फुकट पैसे जायला लागले, आणि वॉलेटची निम्मी गरजच संपली. २०१९ मध्ये व्होडाफोनने एम-पेसा गुंडाळली. त्याच वर्षी आदित्य बिर्ला आयडिया पेमेंट्स बँकेनेही गाशा गुंडाळला. एम-पेसाच्या ग्राहकांना उरलेली शिल्लक मागायला ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत होती. म्हणजे पैसे बुडाले नाहीत, पण मागायला जाणं ग्राहकाच्याच गळ्यात पडलं.

आज या प्रकारातलं ठळक नाव एअरटेलचं, म्हणून पुढचं सगळं ते डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. तुमची कंपनी दुसरी असली तरी विचारायचे प्रश्न हेच.

पायरी १: आपण उघडतोय काय, ते आधी नक्की करा

एअरटेलचं वॉलेट देते एअरटेल पेमेंट्स बँक. सिम देणारी कंपनी वेगळी, ही वेगळी. ही बँक नोव्हेंबर २०१६ मध्ये राजस्थानात आणि जानेवारी २०१७ मध्ये देशभर सुरू झाली. तिच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, बचत खातं आणि वॉलेट. एकाच ॲपमध्ये दिसतात म्हणून लोक दोन्ही एकच समजतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

बचत खात्यावर व्याज मिळतं आणि ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर एका ग्राहकाची शिल्लक २ लाखांच्या वर ठेवता येत नाही, आणि अशी बँक कर्ज देत नाही. वॉलेटमधल्या पैशावर व्याज नाही. ठेव विमाही तिथे लागू आहे असं गृहीत धरू नका. बँक नसलेल्या कंपनीचं वॉलेट असेल तर ग्राहकांचे पैसे तिला एखाद्या शेड्यूल्ड बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाही अशा राखीव खात्यात ठेवावे लागतात.

आता वॉलेटमध्येही दोन पायऱ्या आहेत. नुसता मोबाइल नंबर, नाव आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक देऊन जे सुरू होतं ते छोटं वॉलेट. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे त्यात कधीही १०,००० च्या वर शिल्लक राहू शकत नाही, महिन्याला १०,००० आणि वर्षाला १,२०,००० पेक्षा जास्त टाकता येत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातून फक्त खरेदी आणि बिलं भरता येतात. कुणाला पैसे पाठवता येत नाहीत, बँक खात्यात वळवता येत नाहीत, रोख काढता येत नाही. रोख भरायची सोय असलेलं छोटं वॉलेट २४ महिन्यांत पूर्ण केवायसीचं करावं लागतं, नाहीतर त्यात नवे पैसे टाकणं थांबतं. आधीचे तेवढे खर्च करता येतात.

पूर्ण केवायसी केली, म्हणजे दुकानात जाऊन किंवा व्हिडिओ कॉलवर ओळख पटवली, की शिल्लक २ लाखांपर्यंत ठेवता येते आणि पैसे पाठवता येतात. आधी नोंदवलेल्या व्यक्तीला महिन्याला २ लाखांपर्यंत, न नोंदवलेल्याला १०,००० पर्यंत. ही नियमातली वरची हद्द झाली. कंपनी आपली मर्यादा याहून खाली ठेवू शकते, ती ॲपमध्ये बघा.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे क्यूआर स्कॅन होतो की नाही, तेही इथेच ठरतं. ३१ मार्च २०२२ पासून पूर्ण केवायसीचं वॉलेट यूपीआयला किंवा कार्डाच्या जाळ्याला जोडणं कंपन्यांना बंधनकारक आहे. छोट्या वॉलेटला ते लागू नाही. त्यामुळे ‘पैसे आहेत पण स्कॅन होत नाही’ ही तक्रार असेल तर नेटवर्कला शिव्या घालण्याआधी केवायसी कोणती आहे ते बघा.

अंगठा किती वेळा लावताय?

याला वेगळा मथळा दिला, कारण टेलिकॉम वॉलेटची खरी मेख इथे आहे. २०१७ मध्ये सिमला आधार जोडण्याची देशभर घाई चालली होती. त्या पडताळणीच्या वेळीच, नीट संमती न घेता, अनेक ग्राहकांची एअरटेल पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि त्यांची गॅस सबसिडी त्या खात्यांत जाऊ लागली. सिलिंडरचे पैसे जुन्या बँकेत का येईनात, म्हणून लोक पासबुक घेऊन हिंडत होते. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनी आणि बँक दोघांचीही ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची परवानगी स्थगित केली, आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेला ५ कोटींचा दंड ठोठावला.

पैसे तिकडे गेले कसे? सरकारी अनुदान आधार क्रमांकावर पाठवलं जातं, आणि अनुदानासाठी एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. नव्याने जी बँक जोडली जाईल तिकडे पैसे वळतात. आज हीच गोष्ट लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांना लागू आहे. जिल्हा बँकेतलं खातं वर्षानुवर्षं वापरणाऱ्या मावशींनी मोबाइलच्या दुकानात पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं, तिथे आधार जोडायला होकार गेला, की पुढचा हप्ता नव्या खात्यात. पैसे सुखरूप असतात, फक्त मावशी भलत्याच बँकेच्या रांगेत उभ्या असतात.

तेव्हा काउंटरवर हे पाळा. दुकानदार मशीन पुढे सरकवून ‘ताई, अंगठा लावा’ म्हणाला की आधी विचारा: ‘दादा, हा कशासाठी? सिमसाठी, वॉलेटसाठी की खात्यासाठी?’ स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या. ‘नीट आला नाही, परत लावा’ म्हटलं तर पहिला खरंच फसला का ते बघा. संमतीच्या चौकोनांमध्ये आधीच टिक केलेली असेल तर नको असलेली काढायला लावा, विशेषतः सरकारी लाभ या खात्यात घेण्याची. घरी आल्यावर ‘मायआधार’ संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि कोणती बँक जोडली आहे ते लगेच दिसतं.

पायरी २: तुम्हाला ते लागतंय का?

बँकेचं गेल्या महिन्याचं स्टेटमेंट उघडा आणि दोनशे रुपयांच्या आतले व्यवहार मोजा. दूध, भाजी, रिक्षा, वडापाव, झेरॉक्स. हे छोटे व्यवहार पासबुकात गर्दी करतात म्हणून वॉलेट हवं असेल, तर त्यावर यूपीआय लाइट हा उपाय आहे. ते तुमच्याच यूपीआय ॲपमध्ये मिळतं, एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात, त्यात ५,००० पर्यंत ठेवता येतात आणि नको झालं की पैसे आपल्याच खात्यात परत. एवढ्यासाठी नवी केवायसी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

तरीही तीन प्रकारच्या लोकांना मोबाइल कंपनीचं वॉलेट खरंच उपयोगी पडतं. एक, ज्यांच्या हातात रोख येते आणि बँकेची शाखा लांब आहे. चाकणला किंवा भिवंडीत आठवड्याचा पगार रोखीत घेणाऱ्याला संध्याकाळी सात वाजता उघडी बँक सापडत नाही, रिचार्जचं दुकान सापडतं. दुकानात रोख भरून घरी पैसे पाठवणं हे या कंपन्यांचं खरं बलस्थान. दोन, पगाराचं खातं क्यूआरच्या भानगडीपासून लांब ठेवायचं आहे असे लोक. वॉलेटमध्ये दोन हजार असतील तर फसवणुकीत जास्तीत जास्त दोन हजारच जातील. तीन, कॉलेजला बाहेरगावी गेलेल्या मुलाला महिन्याची ठरावीक रक्कम द्यायची आहे असे आईवडील.

यांपैकी कुणीच नसाल तर पुढे वाचायची गरज नाही, रिचार्ज करा आणि ॲप बंद करा.

पायरी ३: पैसे कुठे कापले जातात

टाकताना, देताना आणि काढताना अशा तीन ठिकाणी शुल्क लागू शकतं, आणि जाहिरात नेहमी मधल्या ठिकाणाबद्दल बोलते. डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने पैसे टाकणं सहसा फुकट असतं, क्रेडिट कार्डावर बहुधा शुल्क लागतं आणि अनेक कार्डं वॉलेटमध्ये टाकलेल्या पैशावर पॉइंटही देत नाहीत. खरी गंमत काढताना आहे. वॉलेटमधून बँक खात्यात पैसे वळवायला टक्केवारीने शुल्क घेण्याची पद्धत आहे, वर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. २,००० परत आणायला ३ टक्के शुल्क असेल तर ६० रुपये आणि जीएसटीचे १० रुपये ८० पैसे जातील. मग पन्नासच्या कॅशबॅकचं काय झालं ते तुम्हीच बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर दरपत्रक असतं, बहुतेकदा पानाच्या अगदी तळाशी. तेच आधी उघडा. दर बदलत राहतात, म्हणून मित्राने सांगितलेला आकडा धरून चालू नका.

दुकानात वॉलेटने यूपीआय करताना २,००० च्या वरच्या रकमेवर व्यापाऱ्याच्या बाजूला १.१ टक्क्यापर्यंत इंटरचेंज, म्हणजे व्यवहारामागचं शुल्क लागतं. ही व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून आहे. ते ग्राहकाने द्यायचं नसतं. पण म्हणूनच एखादा दुकानदार ‘वॉलेट नको, खात्यातून टाका’ म्हणाला तर तो उगाच कटकट करत नसतो.

कॅशबॅक पैशांत मिळतो की पुढच्या रिचार्जच्या कुपनात, तेही वाचून घ्या. कुपन म्हणजे त्याच कंपनीकडे परत येण्याचं आमंत्रण आहे, पैसे नव्हेत.

पायरी ४: दोनशे रुपयांची पूर्ण फेरी

वाचून जे कळत नाही ते दोनशे रुपयांत कळतं. फक्त फेरी पूर्ण मारा. दुकानातलं स्कॅन आणि बँकेत परत पाठवणं पूर्ण केवायसीच्या वॉलेटमध्येच जमतं, हे मात्र लक्षात ठेवा. लोक पैसे टाकून एक रिचार्ज करतात आणि ‘छान चालतंय’ म्हणतात. रिचार्ज तर चालणारच, ते त्यांचं घरचंच दुकान आहे.

आधी यूपीआयने २०० टाका आणि मेसेज किती वेळात येतो ते बघा. मग कंपनीच्या बाहेरचं काहीतरी करा: महावितरणच्या बिलाची रक्कम आणि ग्राहकाचं नाव बरोबर उचललं जातं का, तिथे प्लॅटफॉर्म फी किती लावतात. बिल भरायलाच हवं असं नाही, शेवटच्या पडद्यापर्यंत जाऊन मागे या. त्यानंतर ओळखीच्या दुकानात वीस-तीस रुपयांचं स्कॅन करा, जिथे साउंडबॉक्स आहे तिथे. ‘तीस रुपये प्राप्त झाले’ हे ऐकू येईपर्यंत किती सेकंद उभं राहावं लागलं, हीच रोजच्या वापराची खरी परीक्षा. मागे चार माणसं उभी असताना फिरणारं चक्र बघत बसणं कुणालाच आवडत नाही. संध्याकाळच्या गर्दीत एकदा आणि लिफ्टजवळ किंवा तळघरातल्या दुकानात एकदा, असं दोन्हीकडे करून बघा.

शेवटचं पाऊल बहुतेक जण गाळतात: उरलेले पैसे आपल्या बँक खात्यात परत पाठवा. पर्याय कुठल्या मेन्यूत लपवलाय, शुल्क किती, पैसे त्याच दिवशी आले का, हे लिहून ठेवा. ‘वॉलेट बंद करा’ हा पर्यायही शोधून ठेवा. कधीही वॉलेट बंद करू देणं आणि उरलेली रक्कम परत देणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. छोट्या वॉलेटमध्ये ती जिथून टाकली त्या खात्यात परत जाते. दुकानात रोखीने भरली असेल तर कशी परत मिळेल, हे भरण्याआधीच विचारा.

पायरी ५: नंबर गेला तर?

प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसतील, तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. वॉलेटची ओळखच तो नंबर आहे, म्हणून दुसऱ्या सिमच्या, क्वचित वापरातल्या नंबरवर वॉलेट ठेवू नका. अमेरिकेत किंवा दुबईत राहून इथला नंबर नुसता जिवंत ठेवणाऱ्यांनी तर नाहीच. गावाकडच्या आजींच्या नावावर सिम आणि वॉलेट वापरतो नातू, हाही प्रकार टाळा. केवायसी ज्याची, पैसे त्याचे.

नंबर पोर्ट केला म्हणून वॉलेट नाहीसं होत नाही, कारण देणारी बँक वेगळी आहे. तरी पोर्ट करण्याआधी शिल्लक काढून घ्या आणि स्वयंचलित बिलं बंद करा. पोर्टच्या दिवशी काही तास नेटवर्क नसतं आणि ओटीपीची वाट बघत बसावं लागतं.

सिमला पिन लावा. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक असतं. कंपनीचा मूळ पिन आधी कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि ते उघडायला कंपनीकडून पीयूके कोड घ्यावा लागतो. पिन लावलेला असला की चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी त्याला ओटीपी मिळत नाही. ॲपचं कुलूप आणि वॉलेटचा पिन (एमपिन) फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा.

फोन हातात असताना अचानक नेटवर्क गेलं आणि शेजारच्याचं त्याच कंपनीचं चालू असेल, तर कुणीतरी तुमच्या नावाचं नवं सिम काढलं असण्याची शक्यता धरा आणि लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा. नवं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, आणि जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्टही करता येत नाही. हा वेळ तुमच्यासाठीच ठेवलेला आहे. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं. अनोळखी नंबर सापडला तर तिथेच कळवता येतं.

पायरी ६: तक्रार करून बघा, गरज नसताना

पैसे अडकल्यावर कस्टमर केअर कसं आहे हे कळणं महाग पडतं. आधीच एक साधा प्रश्न विचारा: माझ्या वॉलेटमधून बँकेत पैसे पाठवायला आज शुल्क किती? माणूस मिळतो का, की ‘रिचार्जसाठी १ दाबा’ मध्येच फिरवतात? सिमचं कस्टमर केअर ‘ते बँकेचं आहे’ म्हणतं आणि बँकेचं ‘ते ॲपचं आहे’, असं झालं तर पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलंच. बँकेचा स्वतंत्र नंबर आणि ईमेल कागदावर लिहून ठेवा. गुगलवर नंबर शोधू नका. तिथे खोटे कस्टमर केअर पेरलेले असतात.

खरंच पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, तर वॉलेटच्या आतल्या व्यवहारात दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार. यूपीआयने दुकानदाराला दिलेले असतील तर ही मुदत पाच दिवसांची. कंपनी स्वतःहून भरपाई देईलच असं नाही, पण तक्रारीत या परिपत्रकाचा उल्लेख केला की उत्तराचा सूर बदलतो.

तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर घड्याळ बघा. तुमची चूक नसेल आणि तीन दिवसांत कळवलं, तर जबाबदारी तुमची नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर वॉलेटच्या बाबतीत दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० पर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो. त्यापुढे कंपनीचं धोरण. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर, लगेच दुसरा बँकेला. दोन्हीकडून तक्रारीचा क्रमांक घ्या आणि स्क्रीनशॉट काढा.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ऑनलाइन तक्रारीला फी नाही आणि माहितीसाठी १४४४८ हा फोन आहे.

सगळं पटलं तर

पूर्ण केवायसी अजून केली नसेल तर करा. अर्धवट वॉलेट ठेवण्यात काहीच मतलब नाही, पैसे आत जातात आणि बाहेरचा दरवाजा बंद. आठवड्याला लागतील तेवढेच पैसे ठेवा. कमी शिल्लक झाली की खात्यातून आपोआप पैसे ओढणारा ऑटो लोड बंद ठेवा, नाहीतर मर्यादित रकमेचा सगळा फायदा गेला. कर्जाच्या हप्त्यासारखी चुकवून न चालणारी देणी वॉलेटला जोडू नका.

वर्षभर एकही व्यवहार झाला नाही तर वॉलेट निष्क्रिय केलं जातं आणि ते पुन्हा सुरू करायला परत ओळख पटवावी लागते. तेव्हा वापर थांबलाच असेल तर ते बंदच करा: आधी स्वयंचलित बिलं काढा, शिल्लक खात्यात वळवा, मग बंद करण्याची विनंती टाका आणि तो मेसेज जपून ठेवा. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वॉलेट बंद झालं असं होत नाही. त्याच बँकेत बचत खातंही उघडलेलं असेल तर त्याची विनंती वेगळी द्यावी लागते, आणि आधारची जोडणी जुन्या बँकेकडे परत न्यायची असेल तर त्या बँकेच्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज भरावा लागतो.